येवल्याची पैठणी : खरी आणि खोटी

पैठणीची परीक्षा पदर उलटा करून करावी, अशी आमच्या नाशिककडील जुन्या बायकांची रीत आहे. ती रीत मीं गेल्या माघांत आमच्या शेजारच्या घरीं प्रत्यक्ष पाहिली. घरांत नातीचें लग्न ठरलेलें होतें आणि लग्नाची पैठणी आलेली होती. ती दुकानाच्या गादीवर बसून, चार लुगडीं उलगडून घेतलेली नव्हती. मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहून मागविलेली, चार दिवसांत दारांत येऊन पडलेली होती. पुडक्यावर ‘येवल्याची अस्सल पैठणी’ असें ठळक छापलें होतें. रंग मोरपंखी, काठ नारळी, पदरावर मोर. आणि किंमत तीन हजारांच्या आंत. आजीबाईंनीं चष्मा लावला, पदर उलटा केला आणि एक शब्दही न बोलतां तो नातीच्या हातांत दिला. पाठीमागें कातरलेल्या धाग्यांचें रान माजलें होतें.

खऱ्या पैठणीच्या पदराला पाठ अशी नसतेच. विणकर प्रत्येक रंगाची निराळी कांडी घेतो, ताण्याचे धागे मोजतो, आणि मोराच्या मानेला जेवढी जागा हवी तेवढ्याच जागेंत तो रंग गुंफून, शेजारच्या रंगांत अडकवून परत फिरवितो. म्हणून मोर दोन्ही अंगांनीं सारखाच दिसतो. यंत्रमागावर तोच मोर उठवितांना रंगीत धागा मागच्या बाजूनें सरळ धांवतो, लागेल तेथें वर डोकावतो, आणि उरलेला भाग मागाहून कातरून टाकतात. समोरून पाहणाराला हा भेद चटकन कळत नाहीं. पडद्यावर तर मुळींच कळत नाहीं, कारण चित्राला उलट बाजू नसते.

घरांत अर्थातच चर्चा झाली. मुलीचे मामा म्हणाले, “हा चीनचा माल असणार. परदेशी वस्तूंवर विसंबलों कीं असेंच व्हावयाचें.” तेव्हां आजीबाई प्रथमच बोलल्या. आपल्या पेटींतील आईची पैठणी त्यांनीं बाहेर काढली आणि म्हणाल्या, “चीनचें रेशीम आहे तें या पैठणींत. माझे वडीलच सांगत असत. तुमची ही नवी मात्र इथलीच असेल हो, आपल्याच देशांतली.”

श्रोतेहो, आजीबाईंचें हें बोलणें मला विचार करण्याजोगें वाटलें. परदेशी म्हणजे खोटें आणि स्वदेशी म्हणजे खरें, असा एक सोपा हिशेब आपण मनाशीं बाळगतों. येवल्याचा इतिहास त्या हिशेबांत बसत नाहीं.

येवलें हें नाशिक जिल्ह्यांतील, मनमाडच्या दक्षिणेस वसलेलें गांव. तात्या टोपे यांचें हें जन्मग्राम; १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली तीही येथेंच. तथापि घरोघरच्या बायकांच्या ओठीं येवल्याचें नांव आहे तें पीतांबर, शालू आणि पैठणी यांच्यामुळें. पैठणीनें नांव पैठणचें घेतलें, परंतु तिचा संसार मोठा वाढला तो येवल्यास. येथें रेशमाचा धंदा कसा आला याविषयीं परंपरा अशी कीं, रघोजी नाईक नांवाच्या गृहस्थानें गुजराती विणकरांना मक्त्याचें आश्वासन देऊन वसविलें. बाहेरच्या कोणी माग घालावयाचा तर त्यानें आधीं मक्तेदारांना पैसे मोजावयाचे. पेशवाईंत हा मक्ता चालला. इंग्रजी अमलांत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, तो न्यायालयांत टिकला नाहीं. मक्ता ही कांहीं फारशी उदार व्यवस्था नव्हे. तथापि तिच्या योगानें एक गोष्ट साधत असे : ‘येवल्याचें’ म्हणून जें विकलें जाई त्याच्यामागें कोण उभें आहे, हें माहीत असे.

मात्र रेशीम येवल्याचें नव्हतें. महाराष्ट्रांत रेशमाच्या किड्यांची जोपासना करण्याचे प्रयत्न झाले, पण मागांना पुरेल एवढें रेशीम त्यांतून निघालें नाहीं. माल येई तो मुंबईच्या बंदरांत : बहुतेक चीनचा, कांहीं बंगालचा, कांहीं इराणचा. १८७८ सालीं धोंड–मनमाड लोहमार्ग झाला व येवल्यास स्थानक मिळालें. तेव्हांपासून हीं गांठोडीं बैलगाडीऐवजीं आगगाडीनें येऊं लागलीं. तें रेशीम उकलणें, पिळणें, रंगविणें आणि विणणें हीं कामें क्षत्री, साळी, कोष्टी, मोमीन अशा नाना जातींच्या हातून होत. आणि मग तेंच वस्त्र आमच्या वाड्यांत सोवळें म्हणून खुंटीवर चढत असे! धुतलेल्या सुती वस्त्राला विटाळ होई, परंतु समुद्रापलीकडून आलेल्या धाग्याला होत नसे. नाशिकच्या तांबटांचेंही पुढें असेंच झालें. पूजेचें ताम्हन गोदाकांठीं घडविलेलें, परंतु त्याचा पत्रा विलायतेहून आलेला असे. म्हणून तें ताम्हन खोटें असें कोणी म्हटलें नाहीं, आणि तें बरोबरच होतें.

स्वदेशीचा विचार आपल्याकडे जुना आहे. लोकहितवादींनीं १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रांत देशी माल वापरण्याचा उपदेश केला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीच्या वेषांत गेले. ऑक्टोबर १९०५ मध्यें पुण्यास परदेशी कापडाची होळी झाली तिच्यांत पुढाकार होता तो आमच्याच जिल्ह्यांतील भगूर गांवच्या एका विद्यार्थ्याचा, विनायक दामोदर सावरकरांचा. रोष होता तो मँचेस्टरच्या कापडावर. चीनच्या रेशमावर नव्हे. कारण मँचेस्टरचें कापड विणकराचा माग बंद पाडीत होतें आणि चीनचें रेशीम तो माग चालू ठेवीत होतें. हा भेद त्या काळच्या गृहिणींना बहुधा पुढाऱ्यांइतकाच कळत असावा.

पण ज्या दिवशीं ‘स्वदेशी’ या शब्दाला किंमत आली त्या दिवसापासून त्या शब्दाचीही नक्कल होऊं लागली. खोट्या वर्णनानें माल विकणें हा अपराध ठरविणारा व्यापारी चिन्हांचा कायदा हिंदुस्थानांत १८८९ सालींच झाला होता. ठाणाच्या कापडावर त्याची लांबी वारांत छापलीच पाहिजे, असेंही त्यांत होतें. परंतु ‘खादी’ म्हणजे काय हें त्या कायद्याला ठाऊक नव्हतें. गांधींनीं खादीचा प्रसार केल्यावर गिरण्यांचें जाडेंभरडें कापड, इतकेंच काय जपानी कापडही, खादी म्हणून खपूं लागलें. शेवटीं १९३४ सालीं खादीच्या नांवाचें रक्षण करणारा एक लहानसा कायदा करावा लागला. त्यानें व्याख्या घातली ती अशी : हिंदुस्थानांत हातानें कातलेल्या सुताचें, हिंदुस्थानांत हातमागावर विणलेलें तें खादी. कायद्यानें देशाचें नांव घेतलें, पण हाताचेंही घेतलें. गिरणी देशी असली तरी तिचें कापड खादी नव्हे, हें त्यानें स्पष्ट केलें.

येवल्याच्या विणकरावर त्याच सुमारास दुसरें संकट आलें. इटली आणि जपान येथून कृत्रिम रेशीम येऊं लागलें. झळक तीच, किंमत अगदीं थोडी. जरीचीही तीच कथा. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली रुप्याची तार. तिच्या जागीं तांब्याच्या तारेची परदेशी नकली जर आली. १९३१ सालीं परदेशी जरीवर संरक्षक जकात बसली आणि सुरतेचे कारखाने सांवरले. मग यथावकाश नकली जरही सुरतेसच होऊं लागली! परदेशी नकलेची जागा देशी नकलेनें घेतली, आणि जकातीच्या नाक्यावर तिला अडविण्याची सोय उरली नाहीं.

आज आपण तेथेंच आहों. १९८५ चा कायदा ठरावीक वाण हातमागासाठीं राखून ठेवतो. २००४ पासून शुद्ध रेशमासाठीं सिल्क मार्क आहे, २००६ पासून हातमागाच्या कापडासाठीं हँडलूम मार्क आहे, आणि २०१० सालीं पैठणीला भौगोलिक निर्देशनाचें संरक्षणही मिळालें. ऑनलाइन विक्रीसाठीं २०२० सालीं जे नियम झाले त्यांत मालाचा मूळ देश सांगणें बंधनकारक आहे. पण आमच्या शेजारच्या त्या पुडक्यावर मूळ देश म्हणून भारत लिहिलेलें होतें, आणि तें खरें असण्यास कांहींच अडचण नव्हती. ती पैठणी यंत्रमागाची होती, रेशमाच्या जागीं कृत्रिम धागा होता, येवल्याशीं तिचा संबंध केवळ नांवापुरता होता. परंतु ती स्वदेशी होती. उलट आज येवल्यांतील मागावर जें रेशीम चढतें तें मुख्यतः कर्नाटकचें असतें, कांहीं अद्यापि चीनचें असतें. जर सुरतेची असते. मूळ देश विचारणाऱ्या नियमाला यांतलें खरेंखोटें कसें कळावें? चिठ्ठ्या आणि शिक्के उपयोगी आहेत, मी त्यांना नांवें ठेवीत नाहीं; पण चिठ्ठीचेंही चित्र छापतां येतें.

नाशिकच्या पांडव लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत, दुसऱ्या शतकाच्या आरंभींचा एक शिलालेख आहे. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें भिक्षूंसाठीं तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेविले. ते कोणापाशीं? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींपाशीं. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें, हजार दुसरीकडे पाऊण टक्क्यानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, केवळ व्याज घ्यावयाचें. दोन हजारांच्या वार्षिक व्याजांतून वीस भिक्षूंना वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण मिळावयाचे. हिशेब करून पाहा, तो एका कार्षापणानेंही चुकत नाहीं. राजघराण्यांतील पुरुष आपला धर्मादाय कायमचा विणकरांच्या हवालीं करतो, एवढी त्यांची पत होती. येवल्याच्या विणकरापाशीं आज भांडवल म्हणून मुख्यतः तीच आहे. साधी पैठणी विणावयास त्याला कांहीं आठवडे लागतात, भरजरी पदराची असली तर कित्येक महिने. तेवढ्या श्रमाची किंमत तीन हजारांत बसत नाहीं. ज्या घरानें तीन हजारांत ‘येवल्याची’ घेतली तें घर पुन्हा कोणाही येवलेकरावर विश्वास ठेवीत नाहीं. ठेव बुडते ती त्याची, आणि बुडविणारा त्याला कधीं दिसतही नाहीं.

शेजाऱ्यांनीं तें लुगडें परत पाठविण्याचा प्रयत्न केला. मुदत संपली, असें उत्तर आलें. मग आजीबाई नातीला घेऊन येवल्यास गेल्या. तेथें अजून माग घरांतच असतात. ओसरीवर बसून त्यांनीं विणकराच्या पत्नीच्या हातचा चहा घेतला आणि अर्ध्या विणलेल्या पदराची खालची बाजू आरशांत पाहिली. नातीनें रंग निवडला. विणकरानें अडीच महिन्यांची मुदत सांगितली. मुहूर्त वैशाखाच्या आरंभींचा होता. तो गांठणें शक्य नव्हतें, आणि विणकरानेंही तसें खोटें आश्वासन दिलें नाहीं. मुलगी आजीच्या पेटींतील जुनी, चिनी रेशमाची पैठणी नेसून बोहल्यावर उभी राहिली. नवी दिवाळसणाला नेसली.