एका निषिद्ध शब्दाचा इतिहास

रात्री सापाचे नाव घेऊ नये, त्याला 'लांबडं' म्हणावे, असा संकेत आपल्याकडे आहे. नावाचा असा धसका केवळ लोकमानसच घेते, असे मात्र नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याने सुमारे अर्धशतक 'टोर्नेडो' हा शब्द आपल्या अंदाजांतून हद्दपार केला होता.

या संशोधनाचा आद्य पुरुष जॉन पार्क फिन्ली हा लष्कराच्या सिग्नल कोअरमधील तरुण. १८८२ साली त्याने सहाशे टोर्नेडोंचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १८८४ साली प्रायोगिक भाकिते सुरू केली. २,८०३ भाकितांत आपण ९६ टक्क्यांहून अधिक अचूक ठरलो, असा त्याचा दावा होता. 'टोर्नेडो येणार नाही' एवढेच रोज म्हटले असते तरी अचूकता ९८ टक्के भरली असती, हे गिल्बर्ट या टीकाकाराने दाखवून दिले. 'येईल' असे फिन्लीने शंभर वेळा सांगितले. त्यांपैकी तो आला २८ वेळा.

त्याच दशकात हा शब्द निषिद्ध ठरला. लोक घाबरतील, हे कारण. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांत एकाच टोर्नेडोने ६९५ बळी घेतले. त्या दिवसाच्या अंदाजातही तो शब्द नव्हता. शब्द असता तर सारे वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. तेवढे ज्ञानच तेव्हा नव्हते. परंतु ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याचा अभ्यास तरी कोण करणार?

१९३८ साली बंदी सैल झाली. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळ उद्ध्वस्त झाला. पाचच दिवसांनी हवेची तशीच लक्षणे पाहून फॉबुश आणि मिलर या अधिकाऱ्यांनी धोक्याची सूचना दिली, आणि त्याच सायंकाळी टोर्नेडो पुन्हा तेथेच आला. १९५० साली नागरी खात्यानेही शब्दावरील उरलासुरला संकोच सोडला.

पुढे जपानमध्ये जन्मलेल्या फुजिता यांनी पडझडीवरून वादळाची तीव्रता मोजणारी श्रेणी १९७१ साली मांडली. नागासाकीचे भग्नावशेषही त्यांनी अभ्यासले होते. १९७३ साली युनियन सिटीच्या टोर्नेडोची खूण जमिनीला स्पर्श होण्याआधीच मेघात उमटली होती, असे डॉप्लर रडारच्या नोंदींनी दाखवले.

तरीही एक गर्जन्मेघ टोर्नेडो का प्रसवतो आणि शेजारचा का नाही, याचे पुरते उत्तर आजही मिळालेले नाही. पोकळ ठरणाऱ्या सूचना आजही पुष्कळ असतात. फरक इतकाच, की चुकण्याच्या भीतीने आता मौन पाळले जात नाही. ज्ञानाच्या इतिहासात हा फरक लहान नव्हे, असे आम्हांस वाटते.