आवाजाचे तारण

आकाशवाणीवर विसंबणारा पहिला गृहस्थ म्हणजे कंस. बहिणीच्या वरातीचा रथ हाकता हाकता आकाशातून आवाज आला आणि या माणसाने जागच्या जागी तलवार उपसली. आवाज कोणाचा, राहतो कुठे, दोन जामीनदार आहेत का, काही म्हणता काही विचारलं नाही! असा इसम आमच्या कर्जखात्यात असता तर पहिल्याच ऑडिटमध्ये घरी गेला असता. बँकेत सोनं तारण चालतं, मुदत ठेवीची पावती चालते, विम्याची पॉलिसी चालते. आवाज चालत नाही. खुद्द तानसेन काउंटरवर येऊन दरबारी आळवू लागला, तरी त्याला आम्ही आधी पगाराचा दाखला मागू.

पण सगळं जग बँकेच्या परिपत्रकावर थोडंच चालतं? जमीनजुमल्याच्या धंद्यात तर गेली शंभर वर्षं आवाजाच्या तारणावर उलाढाल चालू आहे. हल्ली त्या प्रकाराला पॉडकास्ट म्हणतात. चार घरं घेतलेला माणूस मायक्रोफोनपुढे बसतो, दर आठवड्याला तासभर बोलतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचं ‘नाव’ होतं. नवीन पिढीला वाटतं, हा आपल्या काळाचा शोध. तसं नाही. याचं खातं १९२२ साली उघडलेलं आहे.

त्या साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने डब्ल्यूईएएफ नावाचं रेडिओ केंद्र काढलं. कंपनी मुळात टेलिफोनवाली, त्यामुळे डोकंही टेलिफोनचंच. आपल्याकडे पूर्वी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ असायचे ना, तसाच हिशेब. या, पैसे भरा, बोला, चालते व्हा. फरक इतकाच, की पलीकडे एक मावशी नव्हे, सगळं गाव कान लावून बसलेलं. तरी बरेच दिवस गिऱ्हाईक काही फिरकेना. अखेर २८ ऑगस्ट १९२२ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास पहिला पैसे भरणारा वक्ता हजर झाला. दर दहा मिनिटांना पन्नास डॉलर. हा पहिला गिऱ्हाईक साबणवाला नव्हता की चहावाला नव्हता. तो घरं विकणारा होता!

क्वीन्सबरो कॉर्पोरेशन ही त्याची कंपनी. क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स नावाची वसाहत ती बांधत होती. मध्ये बाग, भोवती इमारती. इमारतींच्या एका संकुलाचं नाव ‘हॉथॉर्न कोर्ट’. ब्लॅकवेल नावाच्या त्या वक्त्याने काय करावं? घरांचा उल्लेख करण्याआधी त्याने थेट साहित्याला हात घातला. थोर कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न यांना जाऊन अठ्ठावन्न वर्षं झाली, त्यांच्या स्मृतीला वंदन असो, वगैरे. मग हळूच बाग, मोकळी हवा, मुलांना बागडायला हिरवळ आणि शहराच्या विटांच्या कोंडवाड्यातून सुटका. भाषणाचा भर भावावर नव्हता, भावनेवर होता. श्रोत्याला वाटलं, कुणी जाणता माणूस आपल्या मुलाबाळांची काळजी करतोय. कंपनीने पुढेही अशी भाषणं विकत घेतली.

आता यातली गंमत पाहा. ज्या हॉथॉर्नच्या नावाने घरं खपवली, तो बिचारा स्वतः अशाच एका वसाहतीत पोळलेला. १८४१ साली बोस्टनजवळ ‘ब्रुक फार्म’ नावाचा प्रयोग सुरू झाला. सगळ्यांनी मिळून शेती करायची, मिळून राहायचं आणि उरलेल्या वेळात उच्च विचार करायचे. लग्न ठरलेल्या हॉथॉर्नने, आपल्याला इथे घर होईल या आशेने त्याचे शेअर घेतले. शेण उपसता उपसता उच्च विचार सुचेनात, म्हणून काही महिन्यांत तो बाहेर पडला. गुंतवलेले पैसे मिळवायला पुढे त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. नंतर काही वर्षं त्याने सेलमच्या जकात कचेरीत नोकरी केली, म्हणजे आमच्याच जातकुळीतला! आणि १८५१ साली एका घरावर कादंबरी लिहिली, तीही दुसऱ्याची जमीन लबाडीने बळकावून बांधलेल्या घरावर. ब्लॅकवेलसाहेबांनी दहा मिनिटांत यातलं नेमकं काय गाळायचं, हे बरोबर ओळखलं होतं. ब्रँड म्हणजे दुसरं काय? चरित्रातून कोर्टकचेऱ्या वजा केल्या की जी बाकी राहते, तो ब्रँड.

आणखी एक गोष्ट त्या भाषणाबाहेरच राहिली. ही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आवाज घरोघर जात होता, पण घर सगळ्यांसाठी नव्हतं. जॅक्सन हाइट्समध्ये काळ्यांना आणि ज्यूंना त्या काळी जागा मिळत नसे. ज्याच्या घरात रेडिओ, त्याच्या कानात ब्लॅकवेल. दाराशी गेल्यावर मात्र नाव, गाव, वर्ण विचारायचा. काळाने याचा सूड मात्र झकास घेतला. आज त्याच जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर साड्यांची, मिठायांची आणि सोन्याची दुकानं आहेत, आणि आपली माणसं तिथे पिशव्या भरभरून डाळ-तांदूळ नेतात.

रेडिओवर जाहिरातींची बडबड नको, असं मंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत बजावलं होतं. पण मंत्र्यांचं कोण ऐकतो? १९२९ साली शेअरबाजार कोसळल्यावर मात्र सरकार जागं झालं आणि १९३३ साली रोखेविक्रीचा कायदा आला. नोंदणी न करता खासगीत भांडवल जमवायचं तर ते खासगीतच जमवा, चौकात दवंडी पिटू नका, अशी रीत त्यातून रुजली. ती ऐंशी वर्षं टिकली. २०१२ साली नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २०१३ पासून दवंडीला मोकळीक मिळाली. अट एकच : पैसे घ्यायचे ते पैसेवाल्यांचेच. म्हणजे वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर कमाई, किंवा राहतं घर सोडून दहा लाखांच्या वर मत्ता असलेल्यांचे.

दवंडीचं साधन तोवर तयारच होतं. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराच्या लेखात अवतरला. त्याच साली जोशुआ डॉर्किन याने घरांत पैसे गुंतवणाऱ्यांसाठी ‘बिगरपॉकेट्स’ ही संस्था काढली, आणि २०१३ पासून तिचा पॉडकास्ट घुमू लागला. त्याचा एक निवेदक ब्रँडन टर्नर पुढे स्वतःच गुंतवणूकदारांचे पैसे जमवून फिरत्या घरांच्या वसाहती घेऊ लागला. यात गैर काही नाही. पण तंत्र बघण्यासारखं आहे. आपण घरं फार घेतलेली नसली तरी चालतं. ज्यांनी घेतली त्यांना बोलावून प्रश्न विचारायचे. पन्नास पाहुणे झाले की मांडवातल्या व्याह्याप्रमाणे यजमानही त्यांच्यातलाच वाटू लागतो. दर भागाच्या शेवटी फुकट पुस्तिका, पुस्तिकेसाठी पत्ता, पत्त्यावर पत्रं आणि सहाव्या-सातव्या पत्रात प्रकल्प.

आमच्या शाखेतला एक तरुण अधिकारी लोकलमध्ये कानात पांढऱ्या गोळ्या घालून अशी अमेरिकन प्रवचनं ऐकत येतो. परवा चहाच्या वेळी म्हणाला, “काका, काय मनापासून बोलतो हो तो माणूस!”

“साहेब, तुम्ही त्याला भेटलात कधी?”

“छे हो. पण ओळखतो ना!”

या एकतर्फी ओळखीवर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अमेरिकनांनी १९५६ सालीच शास्त्रशुद्ध निबंध लिहून ठेवलाय. निवेदक रोज घरात येतो, आपल्याशीच बोलल्यासारखा बोलतो, आणि श्रोत्याला तो सख्खा वाटू लागतो. निवेदकाला मात्र श्रोत्याचा पत्ताच नसतो. पासबुकात फक्त नावे रकाना; जमेचा रकाना छापलेलाच नाही!

उशिरा का होईना, कोर्टाच्या हे ध्यानात आलं आहे. ग्रँट कार्डोन या बोलक्या गुंतवणूकदाराच्या खटल्यात डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं, की व्हिडिओ आणि समाजमाध्यमांतून साऱ्या जगाला उद्देशून बोलणारासुद्धा कायद्याने ‘विक्रेता’ ठरू शकतो. अमुक एका गिऱ्हाइकाचा हात धरून बोललो नव्हतो, ही सबब पुरत नाही. दोषी कोण, हा निवाडा तो नव्हे; पण आवाजालाही जबाबदारी असते, हे तत्त्व मात्र लेजरात चढलं.

म्हणून मी आमच्या साहेबांना सांगितलं, ऐका, जरूर ऐका. लोकल तासभर लटकवते, त्यात कानाला काही मिळालं तर वाईट काय? हॉथॉर्नसुद्धा भला माणूस होता, बागही खरी होती. फक्त आवाज गोड लागला की त्याला तीन प्रश्न विचारायचे : मालकी कोणाची, कर्ज किती आणि बुडालं तर आधी कोणाचं बुडणार?

“पण काका, तो उत्तर कसा देणार? तो तर कानात आहे.”

“तेच,” मी म्हटलं, “आणि पैसे मात्र हातातले जाणार आहेत.”