हवेतल्या लहरी कोणाच्या? हीरो कपचा खटला आणि ‘न्याय्य प्रक्षेपण’ या शब्दाची फोड

पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘तुमचा संशोधन प्रश्न काय?’ असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात. ‘खेळ आणि टीव्ही’, ‘माध्यमं आणि न्याय’, वगैरे. हे विषय झाले. त्यात प्रश्न कुठे आहे, हे समितीला कळत नाही आणि खरं सांगायचं तर उमेदवारालाही कळलेलं नसतं. विषयातून प्रश्न कसा सुटा करायचा, हे दाखवायला आज एक जुना खटला घेतेय. आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा टीव्हीवर कोणी दाखवायची, यावरून तो सुरू झाला आणि ‘हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे’ या निकालावर संपला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत निवृत्तीनंतर आपल्या पुण्यात, बाणेरला राहत होते. १५ फेब्रुवारी २०२१ ला तिथेच त्यांचं निधन झालं.

मी एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केली आणि आता तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करते. त्यामुळे कायद्याची बाजू मी कागदपत्रं वाचून मांडणार आहे. लहरींची बाजू मात्र थोडी हक्काने सांगेन.

आधी काय होतं?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुण्यापर्यंत चित्र पोचवलं ते सिंहगडावरच्या मनोऱ्याने. गडावर पिठलं-भाकरी खायला गेलात की जो उंच मनोरा दिसतो, तोच. पुढची जवळजवळ दोन दशकं टीव्हीवर क्रिकेट म्हणजे दूरदर्शन, एवढंच समीकरण होतं. सामना दाखवण्याचा हक्क नावाची विकाऊ वस्तू असते, हे आपल्याकडे कोणाच्या फारसं डोक्यातच नव्हतं.

नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ बंदीनंतरचा पहिला दौरा करायला भारतात आला. तिथल्या टीव्हीला हे सामने आपल्या देशात दाखवायचे होते. हक्कांचे किती पैसे घ्याल, अशी विचारणा झाली, तेव्हा हे हक्क आपले आहेत की दूरदर्शनचे, इथपासून भारतीय क्रिकेट मंडळाला शोध घ्यावा लागला. हक्क मंडळाचेच निघाले. इथून पुढे संघर्ष होणार हे ठरलेलं होतं.

१९९३: हीरो कप

बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या साठाव्या वर्षानिमित्त नोव्हेंबर १९९३ मध्ये हीरो कप भरवला. भारत, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज, श्रीलंका आणि झिंबाब्वे असे पाच संघ होते. संघटनेने प्रक्षेपणासाठी ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीशी करार केला.

दूरदर्शनला हे मान्य नव्हतं. त्यांची भूमिका अशी होती, की आम्ही हक्कांचे पैसे देणार नाही. सामने आम्ही दाखवावेत असं वाटत असेल, तर संघटनेनेच आम्हाला सामन्यामागे ५ लाख रुपये तांत्रिक शुल्क द्यावं. आज आकडे उलटे वाहतात, म्हणून हे वाचताना हसू येतं. पण त्या काळाच्या चौकटीत ते अगदीच विचित्र नव्हतं, कारण देशभर पोचणारे मनोरे फक्त एकाकडे होते.

प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. मधल्या काळात परदेशी कंपनीची उपकरणं कस्टम्सने रोखून धरली. उपग्रहाकडे सिग्नल पाठवायचा तर सरकारी परवानगी हवी, आणि तो अधिकार सरकारकडे आला होता १८८५ च्या भारतीय तार कायद्यातून. कलम ४ नुसार ‘तार’ उभारण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा. ज्या काळात बिनतारी प्रक्षेपण अस्तित्वातच नव्हतं, त्या काळातला कायदा १९९३ च्या क्रिकेट सामन्याला लावला जात होता!

स्पर्धा चालू असतानाच न्यायालयाच्या अंतरिम आदेशांनी कसाबसा मार्ग निघाला. २४ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकरने शेवटचं षटक टाकलं, सहा धावा हव्या असताना तीनच दिल्या आणि भारत दोन धावांनी जिंकला. २७ तारखेच्या अंतिम सामन्यात अनिल कुंबळेने १२ धावांत ६ बळी घेतले. या आठवणी घरोघरी आहेत. त्यांच्यामागचा खटला मात्र फार कोणाला आठवत नाही.

लहरींची टंचाई म्हणजे नेमकं काय?

सरकारचा एक मुख्य मुद्दा होता, की फ्रिक्वेन्सी मर्यादित आहेत, म्हणून त्यावर सरकारचंच नियंत्रण हवं. हा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या तपासून बघू.

मनोऱ्यावरून जाणाऱ्या जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात एका चॅनेलला ७ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागायचा. व्हीएचएफमधला मोठा पट्टा १७४ ते २३० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५६ मेगाहर्ट्झचा. भागाकार करा, आठ चॅनेल झाले. त्यातही शेजारच्या मनोऱ्याला तोच चॅनेल देता येत नाही, नाहीतर दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. म्हणजे टंचाई खरी होती.

याचं दुसरं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. ती तिथे उभारण्यामागे एक कारण असं, की त्या भागात मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता. लहर कुंपण मानत नाही. एकाने वापरलेली फ्रिक्वेन्सी त्याच वेळी, त्याच परिसरात दुसऱ्याला मोकळेपणाने वापरता येत नाही. म्हणून वाटप करणारा कोणीतरी लागतोच.

पण ‘वाटप करणारा लागतो’ आणि ‘वाटप करणाऱ्यानेच सगळं वापरावं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं भौतिकशास्त्रातून निघतं. दुसरं निघत नाही, ते राजकीय विधान आहे. संशोधनात असे दोन दावे एकाच वाक्यात चिकटवलेले नेहमी सापडतात. ते सोडवता येणं हे आपलं पहिलं काम.

९ फेब्रुवारी १९९५

या दिवशी निकाल आला. खंडपीठात पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी होते. सावंत यांनी स्वतःच्या आणि मोहन यांच्या वतीने लिहिलं. जीवन रेड्डी यांनी वेगळं, पण सहमतीचं निकालपत्र लिहिलं.

वर सुटी केलेली दोन विधानं निकालातही सुटी झालेली दिसतात. लहरी मर्यादित आहेत, त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि त्यांच्या वापराचं नियमन लोकहितासाठी सार्वजनिक संस्थेने केलं पाहिजे, हे मान्य झालं. म्हणून सरकारची मक्तेदारी असावी, हे अमान्य झालं. समाजाच्या सगळ्या घटकांचं प्रतिनिधित्व करणारी स्वायत्त संस्था केंद्राने ताबडतोब उभारावी, असा आदेश निघाला. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्येच मंजूर होऊन पडून होता. तो प्रत्यक्षात लागू झाला १९९७ मध्ये.

आता खरी गंमत. हा निकाल बहुतेक ठिकाणी ‘खासगी वाहिन्यांना दार उघडणारा निकाल’ म्हणून एका ओळीत येतो. नेट-सेटच्या गाईडमध्येही तसाच. मूळ निकालपत्र वाचलंत तर चित्र बदलतं. सावंत यांच्या मांडणीत केंद्रस्थानी प्रेक्षक आहे. घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचा हक्क येतो, आणि तो बघणाऱ्याचा हक्क आहे. मक्तेदारी सरकारची असो की एखाद्या व्यक्तीची किंवा संस्थेची, दोन्ही नकोत, असं त्यात स्पष्ट आहे. जीवन रेड्डी तर म्हणतात, की अभिव्यक्तिस्वातंत्र्यातून स्वतःची प्रसारण यंत्रणा उभारण्याचा हक्क आपोआप निघत नाही. एवढं सगळं एका ओळीच्या सारांशात मावत नाही, म्हणून मूळ साधन वाचायचं.

पुढे काय झालं?

दूरदर्शनची मक्तेदारी गेली आणि प्रश्न उलटा झाला. १९९३ मध्ये अन्याय झाला असं आयोजकाला वाटत होतं. आता हक्क खासगी वाहिनीकडे गेले, की ज्या घरात केबल नाही त्या घरात सामनाच दिसेना.

जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. मालिका २१ जानेवारीला नागपूरला सुरू झाली. हक्क निंबस कंपनीकडे होते, आणि दूरदर्शनला सिग्नल द्यायचा की नाही यावरून वाद पेटला. दिल्ली उच्च न्यायालयाने तोडगा काढला: दूरदर्शनला सिग्नल मिळेल, पण सात मिनिटं उशिरा. तुम्ही दूरदर्शनवर चेंडू पडताना बघणार आणि शेजारच्या केबलवाल्या घरात त्या चेंडूवरचा आरडाओरडा सात मिनिटं आधीच होऊन गेलेला असणार!

त्यानंतर फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच अध्यादेश आला आणि मग कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचा थेट सिग्नल, हक्कधारकाच्या जाहिरातींशिवाय, प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. टीव्हीवरच्या जाहिरात उत्पन्नाची वाटणी हक्कधारकाला किमान ७५ आणि प्रसार भारतीला २५ टक्के, रेडिओसाठी निम्मी-निम्मी. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला मर्यादा घातली: हा सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या मोफत डिश सेवेवरूनच दाखवायचा, खासगी केबल आणि डीटीएचवरून तो जाऊ द्यायचा नाही. म्हणजे हक्कधारकाने पैसे मोजलेत, त्याच्याशीही न्याय झाला पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातल्या माध्यम व्यवसायांचं विलीनीकरण पूर्ण झालं. क्रिकेटच्या हक्कांसाठी एकमेकांविरुद्ध बोली लावणारे दोन मोठे स्पर्धक एका छताखाली आले. १९९५ च्या निकालातलं खासगी मक्तेदारीबद्दलचं वाक्य आता पुन्हा वाचण्याजोगं झालंय. आणि मोबाइलवर सामना बघताय म्हणून लहरींचा प्रश्न मिटला असंही नाही. पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून मोबाइल डेटावर बघितलेला चेंडूसुद्धा सरकारने लिलावात विकलेल्या स्पेक्ट्रमवरूनच येतो.

विषयातून प्रश्न

आता सुरुवातीकडे येऊ. ‘क्रीडास्पर्धांचं प्रक्षेपण न्याय्य आहे का?’ या वाक्याला उत्तर नाही, कारण ‘कोणाच्या बाजूने’ हे त्यात नाही. वरच्या इतिहासात किमान चार बाजू आहेत: सामना भरवणारा, पैसे मोजून हक्क घेणारा, सरकारी प्रसारक आणि बघणारा. १९९३ मध्ये संघटनेने मागितलेला न्याय, २००७ मध्ये केबल नसलेल्या घराला मिळालेला न्याय आणि २०१७ मध्ये हक्कधारकाला मिळालेला न्याय हे तीन वेगवेगळे न्याय आहेत. एकाला दिला की दुसऱ्याचा थोडा कापला जातो. सात मिनिटांचा उशीर म्हणजे हीच कापाकापी, घड्याळात मोजता येईल अशी.

मग चांगला प्रश्न कसा दिसेल? उदाहरणार्थ: ‘२००७ च्या कायद्यानंतर केबल नसलेल्या ग्रामीण घरांत भारतीय संघाचे सामने बघण्यात काय फरक पडला?’ यात काळ आहे, माणसं आहेत, मोजायची गोष्ट आहे. किंवा: ‘१९९५ च्या निकालातला टंचाईचा युक्तिवाद डिजिटल प्रक्षेपणानंतर किती टिकतो?’ हा मला जास्त आवडतो, कारण जिथे एक ॲनालॉग चॅनेल मावायचा तिथे आता अनेक मावतात. टंचाई कमी झाली, तर सार्वजनिक मालमत्तेचा दावा कशावर उभा राहतो? माझं मत असं, की तो प्रेक्षकाच्या हक्कावर उभा राहतो, आणि ती वाट सावंत यांनी निकालातच करून ठेवली आहे. तुम्हाला उलटं वाटत असेल, तर निकालपत्रातला परिच्छेद काढून दाखवा, तो आधार चालेल.

सराव म्हणून एवढं करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं शीर्षक घ्या आणि त्यातला सगळ्यात जड शब्द शोधा: न्याय, विकास, सहभाग, सक्षमीकरण, जो असेल तो. त्याच्यापुढे ‘कोणाचा’ आणि ‘कधी’ हे दोन शब्द लिहून बघा. उत्तरं एकाहून जास्त निघाली तर घाबरू नका. त्यातलं एक निवडा, बाकीची वहीत जपून ठेवा, आणि गाईडकडे जाताना ती वही सोबत न्या.