‘ठेवू का?’ : पत्राच्या मायन्यापासून मोबाइलपर्यंत

स्मरणिकेच्या बैठकीत चिटणीसांनी फर्मान काढले, "तुम्ही रेल्वेच्या टेलिकॉममधले, तेव्हा यंदा मोबाइलवर लिहा." मोबाइलचे फायदे-तोटे शाळेच्या निबंधांत इतके चघळून झाले आहेत की त्यात आता रस उरलेला नाही. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतो. दूरच्या माणसाशी बोलण्याची आपली मराठी रीत काय होती आणि ती कुठल्या कुठल्या वळणावर बदलली, हे पाहू या. माझे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. इतिहासाचा मी अभ्यासक नव्हे. पण वीस वर्षांहून अधिक काळ सिग्नल आणि दूरसंचार विभागात केबली जोडल्यावर माणसे तारेच्या दोन टोकांना कशी वागतात, याची थोडीफार कल्पना आली आहे.

सुरुवात आपल्या शेजारापासूनच करतो. अंबाल्याहून दिल्लीकडे निघालो की कुरुक्षेत्र, कर्नाल आणि मग पानिपत लागते. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे येत होते आणि भेलशाच्या आसपास होते. त्यांना बातमी कळली ती सुमारे दहा दिवसांनी, आणि तीही एका सावकारी पत्रातून. त्यात मोती, मोहोरा आणि खुर्दा अशा भाषेत माणसांचा हिशेब दिला होता, असे सांगितले जाते. पत्र वाटेत कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ती सांकेतिक भाषा. एवढी भयंकर बातमी, पण तिलाही एक रीत होती.

पत्राची ही रीत आपल्याकडे परवापरवापर्यंत टिकून होती. वर ‘श्री’, उजवीकडे गाव आणि तारीख, मग ‘तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.’ मजकूर चार ओळींचा असला तरी चालेल, पण शेवटी घरातल्या सगळ्यांची हजेरी लागलीच पाहिजे. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, शेजारच्या काकूंना सांगणे की भांडे पोचले. पाकिटावर नाव एकाचे असले तरी पत्र घराचे असायचे, मोठ्याने वाचले जायचे. ही ‘घराचे’ची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

तारेने हा मायना छाटून टाकला. आपल्या देशात १८५० च्या दशकात तारायंत्र आले, त्याच दशकात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि पुढे रुळाशेजारी तारेचे खांब हे चित्र कायमचे झाले. तारेला शब्दावर पैसे, त्यामुळे ‘साष्टांग नमस्कार’ परवडेना. ‘आई गंभीर ताबडतोब निघा’ एवढ्यात काम भागू लागले. खेड्यात तारवाला दिसला की वाचण्याआधीच रडारड सुरू व्हायची, ती याच कारणाने. शुभेच्छांसाठी तार खात्याने एक सोय केली होती. ठरावीक मजकुरांना क्रमांक दिलेले होते. दिवाळीचा एक, लग्नाचा एक. आपण क्रमांक सांगायचा, पलीकडे छापील वाक्य पोचायचे. आज सणाच्या सकाळी तोच दिवा आणि तेच फूल पन्नास जणांकडून आपल्या मोबाइलवर येते, तेव्हा मला त्या क्रमांकांची आठवण होते. आयत्या शुभेच्छांचा शोध मोबाइलने लावलेला नाही. तार खात्याची ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

टेलिफोन आला तेव्हा पहिला प्रश्न पडला तो शिष्टाचाराचाच. पलीकडचा माणूस दिसत नाही, मग हाक काय मारायची? ग्रॅहॅम बेलला ‘अहॉय’ ही खलाशांची हाक पसंत होती, तर एडिसनने १८७७ साली ‘हॅलो’ सुचवले. जिंकले कोण ते आपण जाणतोच. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंजेस सुरू झाली आणि ‘हॅलो’ आपल्याकडेही रुजले. गंमत म्हणजे हा वाद एकशेचाळीस वर्षांनी महाराष्ट्रात पुन्हा निघाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की अधिकारी-कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे. सक्ती नव्हती, आग्रह होता. माझ्या अनुभवात मराठी माणूस ‘हॅलो’नंतर लगेच ‘हां, बोला’ म्हणतो आणि समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. इथला पंजाबी माणूस ‘हांजी’ म्हणून आधी खुर्ची देतो. हे त्यांच्याकडून आपण घ्यायला हरकत नाही.

रेल्वेच्या टेलिफोनची शिस्त मात्र आगळी. कंट्रोलच्या एकाच लाइनवर अनेक स्टेशने असतात. तिथे कोण बोलतोय हे आधी सांगावे लागते, निरोप उलट म्हणून दाखवावा लागतो, आणि महत्त्वाच्या निरोपाला प्रायव्हेट नंबर द्यावा लागतो. स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्याजवळ आकड्यांचा तक्ता असतो. फाटक बंद केले की गेटमन त्यातला एक आकडा देतो, मास्तर तो नोंदवतो, आणि वापरलेला आकडा खोडला जातो. ‘हो हो, केलं बंद’ या शब्दांवर गाडी सुटत नाही. ऐकले, समजले आणि केले, या तिन्हीची ती पावती. नवीन आलेल्या मुलांना हे सारे कंटाळवाणे वाटते. पण आपल्या घरगुती बोलण्यात निम्मे घोटाळे ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘मला वाटलं’ यांच्या मधल्या फटीत होतात, हे कुणीही गृहस्थ मान्य करील.

घरगुती टेलिफोन मात्र फार काळ दुर्मीळ होता. नंबरासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. लग्नपत्रिकेवर नंबरापुढे ‘पी.पी.’ असायचे, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. त्यांच्याकडे जायचे तर पायताण बाहेर काढून, आवाज बेताने, आणि निघताना काकूंना ‘त्रास दिला’ म्हणून. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसायचे. १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान थेट डायल करण्याची सोय झाली, तीच एस.टी.डी. पण ती सामान्य माणसाच्या हाती आली १९८० च्या दशकानंतर, पिवळ्या पाट्यांच्या बूथमुळे. मी कऱ्हाडला डिप्लोमा करत होतो तेव्हा रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून अकराला बूथसमोर रांग. काचेच्या पेटीत माणूस घामाघूम, डोळा मीटरवर, बाहेर सहा जण ऐकत उभे. खाजगी बोलणे अशा सार्वजनिक जागी कसे बोलावे, याचे आमच्या पिढीने तिथे रीतसर शिक्षण घेतले.

मग आला मोबाइल. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला, तो आपल्या देशातला पहिला मोबाइल कॉल. दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, आणि आलेल्या कॉललाही पैसे. त्यामुळे सुरुवातीचा मोबाइलवाला फोन वाजला की आनंदण्याऐवजी दचकायचा. मे २००३ पासून आलेला कॉल फुकट झाला. माझ्या मते खरी क्रांती ती. त्याच वर्षी मी अंबाला विभागात रुजू झालो आणि पहिला हँडसेट घेतला.

तेव्हा चंदीगड पंजाब सर्कलमध्ये आणि अंबाला हरियाणा सर्कलमध्ये. कामावर जाताना लालडू मागे पडून धूलकोट आले की मोबाइलवर ‘रोमिंग’ उमटायचे आणि आलेल्या कॉलला पुन्हा पैसे लागायचे. गाडीतले सगळे अपडाउनवाले तेवढ्यात आपापले बोलणे उरकायचे. "धूलकोट आ गया, रखता हूँ" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे.

त्याच काळात मिस कॉलची भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तूच फोन कर. आई गावाकडे शेजारच्या मुलाकडून एक रिंग द्यायला लावायची, की मी समजायचो, एस.टी. मिळून ती मिरजेहून सुखरूप परतली. फुकटात एवढा मोठा निरोप तार खात्यालाही जमला नसता.

आता मघाची ‘घराची’ गोष्ट. पत्र घराचे होते. तार घराची होती. काळा टेलिफोनही घराचाच होता. मित्राला फोन केला की आधी त्याचे वडील उचलायचे. मग ‘नमस्कार काका, अभ्यास चाललाय’ हे आलेच. बहिणीला फोन केला की आधी तिच्या सासूबाईंची तब्येत विचारायची. हे सगळे निम्मे नाइलाजाने होत असे हे खरे, पण त्या नाइलाजातून नाती वाहती राहत. मोबाइल हा पहिला असा टेलिफोन आहे की जो घरी वाजत नाही, माणसाच्या खिशात वाजतो. त्यामुळे मधले सगळे वगळले गेले. ‘कोण बोलतंय?’ हा प्रश्नही संपला, कारण नाव आधीच दिसते. त्याची जागा ‘कुठे आहेस?’ने घेतली. आता मेहुण्याशी बोलताना त्याच्या आईशी बोलायचे तर ‘जरा आईंना दे’ असे मुद्दाम म्हणावे लागते. मुद्दाम करायच्या गोष्टी मागे पडतात.

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. आमच्या घरी लँडलाइन होती तोवर रविवारी आईचा फोन आला की मोठी मुलगी आधी धावायची. ‘आजी, मी पोहे खाल्ले’ इतके तरी मराठी दर आठवड्याला व्हायचे. २०१५ च्या सुमारास आम्ही तो फोन परत केला. आता आईचा व्हिडिओ कॉल माझ्या मोबाइलवर येतो. धाकटा खोलीतून डोकावतो, हात हलवतो, ‘आजी, बाद में बात करता हूँ’ म्हणतो आणि जातो. तो उद्धट नाही. त्याला वाटते फोन माझा आहे, बोलणेही माझे आहे. सेक्टर ३९ मध्ये इमटेकमध्ये, बँकेत किंवा लष्करात असलेल्या कितीतरी मराठी घरांत हेच चालले असेल. शाळेत हिंदी-इंग्रजी, खेळायला पंजाबी. मराठी कानावर पडायचे एक दार होते, ते हळूच लोटले गेले.

मंडळाचेही तेच. पूर्वी वर्गणीला निघालो की एका संध्याकाळी चार घरे व्हायची, कारण प्रत्येक घरी चहा. आता पैसे मोबाइलवरून येतात, सोबत पावतीचा फोटो. हिशेब चोख, खजिनदार खूष. पण नव्याने बदली होऊन आलेले कुटुंब आपल्याला कळते ते थेट आरतीला. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याचे वडील गेले. ग्रुपवर तासाभरात साठ-पासष्ट जोडलेले हात आले. घरी गेलो आम्ही चौघे. ते म्हणाले, "मेसेज मी वाचलेच नाहीत, तुम्ही आलात ते बरं झालं."

केवळ तक्रार करून उपयोग नाही, लोक उपायही शोधत आहेत. २०१९ साली आपल्या रंगभूमीवर हा प्रश्न ऐरणीवर आला. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात मोबाइल वाजत राहिला म्हणून सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला, आणि पाठोपाठ सुबोध भावे यांनी असेच चालणार असेल तर नाटकात काम न केलेले बरे, असा संताप व्यक्त केला. नाट्यगृहांत जॅमर बसवा, इथपर्यंत चर्चा गेली. जानेवारी २०२२ मध्ये आमच्या रेल्वेनेही बजावले की रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने फोनवर बोलू नये आणि इयरफोनशिवाय गाणी लावू नयेत. नियम चांगला आहे. झेलममध्ये तो किती पाळला जातो, ते आपण सुट्टीत जाता-येता पाहतोच.

मला मनापासून भावला तो आमच्याच कडेगाव तालुक्यातला प्रयोग. सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव. करोनात शाळा मोबाइलवर गेल्या, शाळा पुन्हा भरल्या तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना. २०२२ साली सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ठरवले, रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल. मग दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा, की मोकळे. सुरुवातीला लोक हसले, घरोघर जाऊन समजवावे लागले. एका घराने ठरवले असते तर मुले शेजारी जाऊन बसली असती. सगळ्या गावाने एकदम ठरवले म्हणून जमले. यात मला रेल्वेचा ब्लॉक दिसतो. लाइन दुरुस्त करायची तर ठरावीक वेळ सगळी वाहतूक थांबवावी लागते, एकाच गाडीने थांबून भागत नाही.

इथे भोंगा वाजवला तर सेक्टरवाले पोलिसांना बोलावतील. आम्ही घरी एवढेच केले आहे की रविवारी रात्री आठला माझा मोबाइल जेवणाच्या टेबलावर मधोमध, स्पीकर चालू, चित्र बंद. चित्र बंद ठेवायची कल्पना मुलीची. ती म्हणाली, चेहरा दिसला की सगळे नुसते हात हलवतात. आता धाकट्याला बोलावेच लागते. त्याचे मराठी धेडगुजरी आहे, आजी ते दुरुस्त करत बसते. परवा त्याने विचारले की आजी ‘ठेवू का?’ म्हणते, ते काय ठेवते? तिच्याही हातात मोबाइलच आहे. मी त्याला काळा रिसीव्हर, त्याची खुंटी आणि तो ठेवल्यावर होणारा आवाज असे सगळे समजावून सांगितले. तिकडे आई ‘ठेवू का?’ म्हणाल्यावर आणखी वीस मिनिटे बोलत होती. विहिरीला पाणी किती आले, कुणाची म्हैस व्याली, आणि धाकट्याने विचारले म्हणून, रेडकू कसे दिसते.