गावचा उमेदवार आणि पक्षाचे निशाण

राज्यकारभाराचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा राजधानीत बसून लिहितात. त्यामुळे कायदा केव्हा झाला, मंत्रिमंडळ कोणाचे आले, हे आपणांस त्यांच्याकडून कळते; परंतु राजकीय पक्ष आपला मनुष्य लोकांपुढे कसा उभा करतो आणि लोक त्यास कसे पारखतात, हे पाहावयाचे असेल तर गावाच्या वेशीपाशीच गेले पाहिजे. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यातील लवळे हे गाव या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. येथील डोंगरावर आज दोन विद्यापीठे उभी आहेत, पायथ्याशी जुनी वस्ती आणि शेते आहेत, आणि निवडणुकीचे वारे वाहू लागले म्हणजे या भागातील रस्त्यांच्या दुतर्फा हात जोडलेल्या माणसांच्या तसबिरींचे मोठमोठे फलक झळकू लागतात. ज्या मनुष्यास गावाने लहानपणापासून पाहिले आहे, त्याची ओळख पक्षाने गावास नव्याने करून देण्याचे प्रयोजन काय? या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासात सापडते, आणि ते शोधण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहो.

आपल्या इलाख्यात स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला तो लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावाने, आणि त्यास कायद्याचे रूप आले ते 1884 च्या लोकल बोर्डांच्या कायद्याने. जिल्ह्यास एक आणि तालुक्यास एक अशी बोर्डे झाली. त्यांत लोकनियुक्त सभासद होते खरे. पण मताचा हक्क मिळकतीशी बांधलेला असल्यामुळे मतदारांची यादी लहान असे, आणि कुळाने जमीन कसणारा मावळा त्या यादीच्या बाहेरच राही. उमेदवाराने चार घरी जावे, पाटील-इनामदारांस भेटावे, एखादे शिफारसपत्र दाखवावे, की काम झाले. लोकमान्य टिळक 1895 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले ते मध्यभागातील लोकल बोर्डांच्या मतदारसंघातून. एवढा मोठा लोकनायक, पण त्यास कौन्सिलात पाठविणाऱ्यांत नांगर धरणारे हात जवळजवळ नव्हते. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. शेतकऱ्याच्या नावाने बोलणारे पुष्कळ, पण शेतकऱ्याकडून निवडून आलेला कोणी नाही, ही त्या काळची वस्तुस्थिती त्यांच्यासारख्या पुरुषास किती बोचत असेल, हे त्यांच्या लेखनाच्या वाचकांस सांगावयास नको.

पक्ष या शब्दास आजचा अर्थ प्राप्त झाला तो 1920 साली. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणे होणाऱ्या निवडणुकीसाठी टिळकांनी त्या वर्षी एप्रिल महिन्यात काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला. निवडून आल्यास आम्ही काय करू, हे आगाऊ छापून मतदारांच्या हाती देण्याची रीत आपल्याकडे रूढ होण्यात या जाहीरनाम्याचा वाटा मोठा आहे. 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक निवर्तले, काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला, आणि तो पक्ष जन्मतःच मावळला. दुसरीकडे ब्राह्मणेतर पक्षाने मात्र तीच निवडणूक लढविली. मराठा व तत्सम जातींसाठी मुंबईच्या कौन्सिलात सात जागा राखून ठेवल्या होत्या, आणि त्यामुळे या पक्षास पाय टेकण्यास जागा मिळाली. या पक्षाजवळ पुण्यातील बड्या वर्तमानपत्रांचे बळ नव्हते. सत्यशोधकी जलसा होता. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने, तमाशाच्या ओळखीच्या चालीवर, अक्षरशत्रू माणसालाही पक्षाचे म्हणणे समजेल असा हा मार्ग होता. टिळकांचा जाहीरनामा वाचणाऱ्यांसाठी होता आणि जलसा ऐकणाऱ्यांसाठी. पक्षप्रचाराच्या या दोन्ही शाखा पुणे जिल्ह्याच्या मातीत पुढे चांगल्याच फोफावल्या.

याच सुमारास मुळशी तालुक्याने सर्व देशास एक धडा शिकविला. टाटा कंपनीच्या धरणाखाली येथील गावे बुडावयाची होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, आणि 1924 पर्यंत तो या ना त्या रूपाने चालला. अखेर धरण झालेच. या लढ्याचे पराक्रमाचे अंग सर्वांस ठाऊक आहे. आम्ही येथे दुसऱ्या अंगाकडे लक्ष वेधू इच्छितो. बुडणाऱ्या जमिनींपैकी पुष्कळ जमिनींवर सावकारांचा हक्क होता, आणि त्यांतील अनेकांची दृष्टी मोबदल्यावर होती. कसणाऱ्या कुळाची दृष्टी जमिनीवर होती. दोघांच्याही नावाने पुढारी बोलत होते. तथापि पुढाऱ्यास ‘तू आमच्या वतीने काय केलेस?’ असे बांधलेल्या शब्दांत विचारण्याचे साधन, म्हणजे मत, कुळाजवळ नव्हते. लवळे हे याच मुळशी तालुक्यातले गाव. प्रतिनिधी असणे आणि उत्तरदायी प्रतिनिधी असणे यांतील अंतर या तालुक्याने आपल्या जमिनी गमावून जाणले आहे.

मताचा हक्क सर्व प्रौढांस मिळाला तो 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. तेव्हा पक्षांपुढे नवीनच अडचण उभी राहिली. मतदारांपैकी बहुसंख्य लोकांस वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविण्यात आले. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचे वडाचे झाड, ही चित्रे मनुष्याच्या नावापेक्षा अधिक बोलू लागली. भातखाचरात रोज बैल हाकणाऱ्या मावळातील शेतकऱ्यास बैलजोडी निराळी समजावून द्यावी लागली नसेल. परंतु चिन्ह ओळखीचे झाले म्हणून मतदार आंधळा झाला, असे मात्र नव्हे. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पुणे शहराने काकासाहेब गाडगीळांसारख्या जुन्या व थोर काँग्रेस नेत्यास बाजूस सारून समितीच्या ना. ग. गोऱ्यांस लोकसभेवर पाठविले. उलट, मुळशीत मामासाहेब मोहोळांचे उदाहरण आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या उभारणीमुळे त्यांचे नाव तालमी-तालमीत पोहोचले होते. विधानसभेत मुळशीचा प्रतिनिधी म्हणून ते गेले तेव्हा पक्षाच्या चिन्हाने मनुष्यास जेवढे दिले, तेवढेच मनुष्याने चिन्हासही दिले असले पाहिजे.

यापुढे कायद्याने एक चमत्कारिक दुभागणी केली, आणि आमच्या मते आजच्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याखालील निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. 1961 च्या कायद्याने 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यांच्या निवडणुका मात्र पक्षांच्या चिन्हांवर लढविल्या जातात. गावात भाऊबंदकी पुष्कळ आहे, तीत पक्षभेदाची भर नको, हा ग्रामपंचायतीस वगळण्यामागील हेतू चांगला होता. प्रत्यक्षात पक्ष गावात येतोच, फक्त मुखवटा घालून येतो. ग्रामदैवताच्या नावाचे एखादे पॅनेल उभे राहते, त्याचा खर्च कोण करतो हे सर्वांस ठाऊक असते, पण कागदावर कोणाचेच नाव नसते. निकाल लागला म्हणजे मग प्रत्येक पक्ष पुढे सरसावून ‘इतक्या ग्रामपंचायती आमच्या’ असे सांगतो, आणि या दाव्यांची बेरीज केली तर पुष्कळदा ती ग्रामपंचायतींच्या संख्येहूनही अधिक भरते! सरपंचाची थेट निवड 2017 साली आली, 2020 साली गेली, 2022 साली पुन्हा आली. पण विजयानंतर नाव लावावयाचे आणि कारभार बिघडल्यावर ‘ती निवडणूक पक्षाची नव्हतीच’ म्हणावयाचे, ही सोय कायम राहिली.

आता फलकांकडे वळू. जुन्या घाटावर किंवा देवळाच्या पायरीवर ‘अमुक शकात अमुकाने बांधिले’ असा लेख आढळतो. तो कोरणाऱ्याने आपल्या पदरचे द्रव्य वेचलेले असे. त्याने आपले नाव कोरले तर त्यात गैर काही नव्हते. आजच्या गावरस्त्याच्या तोंडाशी जो फलक असतो, त्यावर ‘अमुक यांच्या निधीतून’ असे लिहिलेले असते. खासदारांचा स्थानिक विकास निधी 1993 साली सुरू झाला, आमदारांचाही आहे. पण तो पैसा त्यांच्या घरचा नव्हे, तो करदात्याचा आहे. गावकऱ्याच्याच पैशाने झालेले काम गावकऱ्यास देणगी म्हणून दाखविणे, ही प्रचाराची सर्वांत स्वस्त रीत होय. तशीच दुसरी गोष्ट. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ही सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. पण उमेदवार बाईंच्या फलकावर त्यांच्या यजमानांची तसबीर त्यांच्याहून मोठी छापलेली दिसते, तेव्हा पक्षाने नेमके कोणास उभे केले आहे, हे विचारण्याचा हक्क मतदारांस आहे.

चिन्हावरचा विश्वास किती ठिसूळ असू शकतो, हेही अलीकडेच दिसून आले. 2023 च्या फेब्रुवारीत शिवसेनेचे आणि 2024 च्या फेब्रुवारीत राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव व निशाण निवडणूक आयोगाने त्या त्या पक्षातील एका गटास दिले. मुळशी तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. तेथील मतदारांस पंचवीस वर्षे परिचित असलेले घड्याळ 2024 च्या लोकसभेस एका उमेदवाराकडे, आणि ओळखीची व्यक्ती ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह घेऊन दुसरीकडे, असा प्रकार झाला. निकाल तुतारीच्या बाजूने लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेच्या भोर मतदारसंघाने, ज्यात मुळशी येते, घड्याळाच्या उमेदवारास निवडून दिले. यांपैकी कोणता निर्णय योग्य, हे सांगणे आमचे काम नव्हे. एवढे मात्र दिसते की, मतदार चिन्ह आणि मनुष्य ही निरनिराळी मोजू शकतो. त्यास केवळ चित्र दाखवून भागत नाही.

कोणी म्हणेल, मग गावातून पक्षाचे उच्चाटनच करावे. जयप्रकाश नारायण व सर्वोदयी मंडळी पक्षरहित लोकशाहीचा पुरस्कार करीत, आणि त्यांच्या हेतूंविषयी आम्हांस आदर आहे. परंतु पक्ष गेला म्हणून गट जात नाहीत. भावकी, पैसा आणि जमिनीचे व्यवहार पक्षाच्या जागी येऊन बसतात. पुण्यालगतच्या गावांत जमिनीस जो भाव आला आहे, तो पाहता ही भीती काल्पनिक नव्हे. पक्षात निदान इतके बळ असते की, तो आज आहे आणि पाच वर्षांनीही मते मागावयास येणार आहे. म्हणून त्यास धरता येते. धरावयास कोणी नसले म्हणजे काय होते, हे पुणे जिल्हा परिषदेने दाखविले. 2022 च्या मार्चात तिची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. या काळात रस्त्यांची व शाळांची कामे झाली नाहीत असे नाही; पण ती का झाली वा का राहिली, हे ज्यास विचारावे असा निवडलेला मनुष्य गावकऱ्यांपुढे नव्हता.

यास्तव आमचे म्हणणे थोडक्यात असे. पक्षाने आपल्या गावच्या माणसांचा पुरस्कार अवश्य करावा, पण तो उघड आणि आगाऊ करावा. गावात ज्यास पाठबळ दिले त्याचे नाव निकालापूर्वी सांगावे, आणि त्याच्या चुकीची जबाबदारी निकालानंतर घ्यावी. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरणे कायद्यास अभिप्रेत आहे. कोणत्या निधीतून किती रुपये आले, ते कोठे खर्ची पडले, काय राहिले, हे पक्षाच्या निवडून आलेल्या माणसाने तेथे उभे राहून सांगावे. त्या तासाभराच्या हिशेबापुढे शंभर फलक फिके पडतील. आणि आपण सुशिक्षित मध्यमवर्गीय? गाव आता शहराच्या उंबऱ्याशी आले आहे. लवळ्यासारख्या ठिकाणी पुष्कळ वाचक शिकावयास, शिकवावयास किंवा राहावयास गेलेही असतील. फलकांना नाक मुरडून आपण मोकळे होतो. पण मतदारयादीत नाव घालणे आणि ग्रामसभेच्या सतरंजीवर जाऊन बसणे हे कष्टाचे काम आपण टाळतो. मुळशीच्या कुळास 1921 साली मत नव्हते, म्हणून त्यास जमिनीवर आडवे पडावे लागले. आपणांस मत आहे. तेव्हा निदान उभे राहून एक प्रश्न विचारण्याचा संकोच आपण करू नये.