किलोचा भाऊ हजार

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडला कुणी किलोभर तूर मागतं, तेव्हा नकळत एक ग्रीक आकडा उच्चारतं. आपल्या आजोबांच्या लहानपणी बाजारात हा शब्द नव्हता. शेर, पायली, मण होते. इंग्रजी अमलातला प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. पण गावोगावी शेर वेगळा. या गोंधळात नागवला जायचा तो माल विकणारा शेतकरी.

फ्रान्समधल्या शेतकऱ्यांचंही हेच गाऱ्हाणं होतं. क्रांतीनंतर तिथे १७९५ मध्ये दशमान मापांचा कायदा झाला. नावं कुठल्याच प्रांताची वाटू नयेत म्हणून ती जुन्या भाषांतून घेतली. माप वाढवायचं तर ग्रीक: डेका दहा, हेक्टो शंभर, किलो हजार. माप लहान करायचं तर लॅटिन: डेसी, सेंटी, मिली. म्हणून किलोमीटर म्हणजे हजार मीटर आणि मिलीमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग.

भारतात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १९५७ मध्ये रुपयाचे १०० नवे पैसे झाले. मग टप्प्याटप्प्यानं शेर गेला, किलो आला.

पण आलेला पाहुणा परका नव्हता. ग्रीक, संस्कृत आणि फारसी या एकाच घराण्यातल्या भाषा. पेंटा म्हणजे पंच, ऑक्टो म्हणजे अष्ट, डेका म्हणजे दश. संस्कृतातल्या आरंभीच्या ‘स’च्या जागी ग्रीक आणि फारसीत बहुधा ‘ह’ येतो. म्हणून सप्तचं ग्रीकमध्ये हेप्टा झालं आणि फारसीत हफ्त. त्या हफ्तवरून आठवड्याचा हप्ता आला. मोबाइलचा हप्ता भरताना आपण सातच म्हणत असतो.

सहस्रातला ‘स’ म्हणजे एक. उरलेला ‘हस्र’ आणि ज्यावरून किलो घडला तो ग्रीक ‘खिलिओइ’, दोन्ही एकाच मुळाचे. फारसीतून आलेला आपला ‘हजार’ म्हणजे सहस्राचंच इराणी रूप. म्हणजे किलो आणि हजार हे भाऊच.

पेंटागॉन, हेक्सागॉन, ऑक्टोपस हे शब्द पाहून इंग्रजीची धास्ती घेणाऱ्या खेड्यातल्या मुलाला कुणीतरी हे सांगायला हवं. पंचकोन, षट्कोन त्याला येतात. अष्टपादही येईल. ज्या आकड्यांपुढे तो बिचकतो, ते त्याच्या तोंडात आधीपासूनच आहेत.