परम ८००० आणि संकेताच्या कडेचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावातील विद्यार्थ्याला भारतीय महासंगणकाचा इतिहास बहुधा स्पर्धा परीक्षेतील एका प्रश्नाच्या रूपाने भेटतो. भारताचा पहिला महासंगणक कोणता? उत्तर : परम ८०००. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर हे शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे, हेही त्याला ठाऊक असते. परंतु हे यंत्र चालण्यासाठी नेमकी कोणती अडचण दूर व्हावी लागते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात संगणकांतर्गत संकेतांच्या काळ-अस्थैर्याचा, म्हणजेच जिटरचा प्रश्न या इतिहासाच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९८० च्या दशकात अधिक क्षमतेचा क्रे महासंगणक भारताला देण्यास अमेरिकेने अनुमती नाकारली. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. भटकरांकडे तिची धुरा आली. एकच अतिवेगवान संस्कारक घडविण्याऐवजी अनेक संस्कारकांनी समांतर काम करावे, हा मार्ग संस्थेने निवडला. १९९१ मध्ये परम ८००० साकार झाला. त्याचा पाया म्हणजे ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर.

समांतर संगणनात संस्कारकांची गणनशक्ती जितकी महत्त्वाची, तितकाच त्यांचा परस्परसंवादही महत्त्वाचा असतो. प्रत्येक टी-८०० ला चार क्रमिक दुवे होते व त्यांचा कमाल वेग सेकंदाला २ कोटी बिट्स एवढा होता. ६४ संस्कारकांचा संच धरल्यास दुव्यांची २५६ टोके होतात. संस्कारक कितीही कार्यक्षम असले, तरी ही टोके विश्वासार्ह नसतील तर संपूर्ण यंत्र निरुपयोगी ठरते.

जिटरचे स्वरूप व कारणे :

भजनात टाळ ठरलेल्या मात्रेवर न पडता किंचित आधी वा नंतर पडू लागला की ठेका बिघडतो. अंकीय संकेताचेही तसेच आहे. शून्यातून एकाकडे जाणारी कड अपेक्षित क्षणाच्या पुढेमागे सरकणे म्हणजे जिटर होय. वरील वेगाला एका बिटच्या वाट्याला केवळ ५० नॅनोसेकंद येतात. इनमॉसच्या तांत्रिक पत्रकानुसार या वेगाला मार्गातील एकूण विलंबात फक्त ३ नॅनोसेकंदांचा फरक चालत असे. म्हणजे बिटकाळाच्या ६ टक्के! वेग निम्मा केल्यास ही सवलत १० नॅनोसेकंदांपर्यंत वाढे.

या अस्थैर्याचे एक प्रमुख कारण अर्धसंवाहक चकतीच्या निर्गम-परिपथात असते. अनेक निर्गम एकाच क्षणी स्थिती बदलतात तेव्हा वीजप्रवाह एकाएकी वाढतो. चकतीला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या सूक्ष्म तारांमध्ये प्रेरकत्व असल्यामुळे पुरवठ्याचा व भूमीचा विद्युतदाब क्षणभर डळमळतो. परिणामी संकेताची कड उंबरठा ओलांडण्याची वेळ बदलते. तारेच्या टोकाकडून परतणारे परावर्तन व चढत्या-उतरत्या कडांच्या विलंबातील तफावत यांचीही त्यात भर पडते.

उपाययोजना :

यावरील उपाय साधे वाटतात, पण त्यांना शिस्त लागते. चकतीलगत १०० नॅनोफॅरडचा कमी प्रेरकत्वाचा धारित्र बसविणे, कला-बद्ध परिपथाच्या पुरवठ्यासाठी १ मायक्रोफॅरडचा स्वतंत्र धारित्र देणे, घड्याळासाठी स्फटिक दोलकच वापरणे आणि ३० सेंटीमीटरपेक्षा लांब जोडणीला १०० ओहमची तार व ५६ ओहमचा अनुरूप रोध लावणे, या सूचना इनमॉसने दिल्या होत्या. शिवाय प्रत्येक संस्कारकाचे ५ मेगाहर्ट्झचे घड्याळ परस्परांशी कलेने जुळलेले असण्याची गरज नव्हती. ग्राहक परिपथ प्रत्येक बाइटच्या आरंभ-बिटवरून नव्याने ताळमेळ साधत असे. त्यामुळे चूक साचत जात नसे. पुढे डेटा-स्ट्रोब या पद्धतीत प्रत्येक बिटला दोनपैकी एकाच तारेवर बदल होईल अशी योजना करण्यात आली आणि कालसवलत जवळपास एका पूर्ण बिटकाळापर्यंत वाढली. हीच कल्पना २००३ च्या स्पेसवायर मानकाद्वारे अंतराळयानांपर्यंत पोहोचली.

मूल्यमापन :

परम ८००० ला स्वदेशी म्हणताना त्याचा संस्कारक परदेशी होता, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. मात्र एवढ्यावरून त्याचे श्रेय कमी लेखणेही अन्यायाचे ठरेल. पत्रकातील ३ नॅनोसेकंदांची अट शेकडो टोकांवर पाळायची, तर मुद्रित फलक, पुरवठा आणि जोडण्या यांची रचना यंत्र उभारणाऱ्यालाच करावी लागते. ती चकतीसोबत आयात होत नाही. संस्थेचे खरे कर्तृत्व यंत्राच्या रचनेत, जोडणीत आणि परास या प्रणालीत शोधावे लागेल. नकारातून निर्मिती झाली हे खरे असले, तरी नकाराने केवळ गरज निर्माण केली. निर्मिती घडली ती कौशल्यातून.

निष्कर्ष :

आजच्या सेकंदाला २५ अब्ज बिट्सच्या वाहिनीवर बिटकाळ ४० पिकोसेकंदांवर आला आहे. म्हणजे ट्रान्सप्युटरच्या काळाच्या तुलनेत तो १२५० पटींनी आखडला आहे. २०२१ मध्ये भारत सेमीकंडक्टर मिशनची घोषणा झाली, तेव्हापासून चकत्यांच्या कारखान्यांची चर्चा मोठ्या प्रमाणावर होते. ती आवश्यकच आहे. परंतु चकतीची बांधणी, फलकाची आखणी आणि मापन यांचे शिक्षण ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत पोहोचले नाही, तर आपल्याकडे कारखाने असतील, पण संकेताची कड स्थिर ठेवणारे हात नसतील. परम ८००० च्या इतिहासातून घ्यावयाचा हा बोध त्याच्या नावापेक्षा अधिक मोलाचा आहे, असे वाटते.